अठरा खड्डे आणि एक गाऱ्हाणं

माझा नवरा जन्मभर चेंडूला काठीने मारून जगला. हे मी चारचौघांत सांगितलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, "म्हणजे क्रिकेट?" क्रिकेट नाही हो! क्रिकेट असतं तर आमच्या गावाला कळलं तरी असतं. गोल्फ. पाच-पंचवीस शेतं मावतील एवढं गवताचं मैदान, त्यात दूर दूर खणलेले अठरा लहान खड्डे, आणि लिंबाएवढा पांढरा चेंडू काठीने मारत मारत एकेका खड्ड्यात नेऊन घालायचा. झाला खेळ. एवढ्यासाठी माणूस विमानात बसून सिंगापूरला जातो, मनिलाला जातो, जपानला जातो, आणि त्याची बायको मालवणच्या अलीकडे खाडीकाठच्या गावात भात सडत बसते.

त्या काळी मी त्याला 'अवो' म्हणायची आणि त्याच्याविषयी बोलताना 'हे'. आता तो नाही, मीही पंच्याऐंशीला टेकलेय, आणि दर वाक्याला मान देत बसले तर माझा हात दुखेल. तेव्हा इथे 'तो'च म्हणते. तसंही त्याचं कधी काही म्हणणं नसे.

माझं माहेर आरोंद्याचं. लग्न ठरलं ते पन्नास सालानंतरच्या सातव्या-आठव्या वर्षी. मुलगा मुंबईत साहेबांच्या क्लबात आहे एवढंच आमच्याकडे कळलं होतं, आणि माझ्या वडिलांनी आपला आपण अर्थ लावला की कारकून असणार. कसला कारकून! हा अठराव्या वर्षी त्या क्लबाच्या मैदानावर गवत कापायला लागलेला माळी. संध्याकाळी साहेब लोक घरी गेले की टाकून दिलेली काठी आणि झुडपात हरवलेले चेंडू घेऊन मारत बसायचा. मारता मारता एवढा तरबेज झाला की तेच साहेब त्याच्याकडे शिकायला येऊ लागले. मग क्लबाने त्याला स्पर्धांना धाडायला सुरुवात केली. आधी कलकत्ता, दिल्ली, मग समुद्रापलीकडे. दरवर्षी थंडी सरली की पूर्वेकडच्या पाच-सहा देशांत एकापाठोपाठ एक सामने असत, त्यांना हा जाई. गावातले बाकीचे चाकरमानी गिरणीत नाहीतर गोदीत. ह्याचं हापिस कुठलं, सुटतो किती वाजता, हे कोणाला सांगायचं कसं? सासूबाईंनी आपला एक सोपा मार्ग काढला होता. कोणी विचारलं की म्हणायच्या, "तो फिरतीर आसता." ते खोटं नव्हतं.

पण आमच्या घरात खरा अंमल चालायचा सासऱ्यांच्या लाल पेन्सिलीचा. सासरे शाळामास्तर. तीस वर्षं त्यांनी गावच्या पोरांना अंकगणित शिकवलं होतं आणि अख्खं गाव त्यांना गुरुजी म्हणायचं. ते निवृत्त झाले, पेन्सिल झाली नाही. घरात जो कागद येईल तो तपासायचा. वाण्याची यादी तपासायचे, पंचांग तपासायचे, आणि एकदा तर वालावलच्या नातेवाइकांनी पाठवलेली लग्नपत्रिका ऱ्हस्व-दीर्घ सुधारून परत पाठवली. त्या लग्नाला आम्हाला कोणी नीट विचारलं नाही. मुलाची पत्रं आली की आधी तपासणी, मग घरच्यांना वाचून दाखवणं, आणि शेवटी कोपऱ्यात दहापैकी गुण. आमच्या सबंध संसारात नवऱ्याला सर्वांत जास्त पडले ते सात. ते पत्र आजाराचं होतं, त्यामुळे छोटं होतं.

एका चतुर्थीला तो रजेवर आला तेव्हा परदेशातून आणलेलं सामान घेऊन आला. त्यात एक पांढरा चामड्याचा हातमोजा. एकच, डाव्या हाताचा. सासऱ्यांनी पिशवी उलटी करून झाडली.

"दुसरो खंय पाडलंस?"

"एकच आसता, बाबानू."

"एकच? दोन हात आसत मा तुका?"

बापासमोर ह्याचं तोंड उघडायचं ते फक्त जेवायला. सासऱ्यांनी दुसऱ्या दिवशी क्लबाच्या नावाने एक पत्रच तयार केलं की चिरंजीवांचा उजवा मोजा आपल्याकडे राहिला असल्यास कृपया पाठवावा. ते मी पोस्टात टाकलं नाही, चुलीत टाकलं. आणि बुटांची तर वेगळीच तऱ्हा! त्या बुटांना खाली लोखंडाचे खिळे. हा ते घालून माजघरातून दोन वेळा गेला नि सासूबाईंनी चतुर्थीसाठी सारवलेल्या जमिनीला पडवीपर्यंत भोकं पडली. सासूबाई त्या भोकांकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आता ह्यात भात पेर." दोन दिवस त्यांनी त्याला मागच्या दाराने ये-जा करायला लावली.

त्याच रजेत त्याने मला खेळ शिकवला. नवरा-बायकोने दोघांनीच बोलत उभं राहायची सोय आमच्या घरात नव्हती, म्हणून मी गवत कापायला जाते म्हणून निघायची आणि हा उंडी गोळा करायला जातो म्हणून. उंडी म्हणजे आमच्याकडे किनाऱ्याला झाडं असतात, त्यांची गोल टणक फळं, तेल काढायच्या कामाची. शेताच्या मेरेपलीकडच्या पडीक जमिनीवर त्याने टाचेने एक खळगा केला, नारळाच्या झावळीचा दांडा माझ्या हातात दिला आणि उंडीचं फळ समोर ठेवलं. मी मारत मारत अकराव्या फटक्याला ते खळग्यात घातलं. त्याने तीन फटक्यांत घातलं.

"मी जिंकलंय," मी म्हटलं. "माजे अकरा."

"तू हरलंस. हंय कमी फटके मारता तो जिंकता."

मला पटायला थोडा वेळ लागला, खोटं कशाला बोलू? पण मी घागरी उचलणारी बाई. कमी खेपांत काम उरकणारी शहाणी, हे मला कोणी शिकवायला नको होतं. तेव्हापासून ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं. आणि त्याच दिवशी गवताचा भारा माझ्या डोक्यावर चढवताना त्याने मला क्वार्टरचं सांगितलं.

क्लबातला जुना शिकवणारा साहेब विलायतेला परत निघाला होता. त्याच्या जागी कायमचा शिक्षक नेमायचा होता, आणि त्या नेमणुकीबरोबर मैदानाच्या कडेला दोन खोल्यांची क्वार्टर होती. क्लबाच्या कमिटीने त्याला सांगितलं होतं, येत्या फेरीत परदेशातल्या कुठल्याही एका सामन्यात पहिल्या दहांत ये, जागा तुझी. तोवर तो गावच्या आठ जणांबरोबर एका खोलीत वळकटी टाकून राहत होता. तिथे बायको कुठे नेणार? आमच्या लग्नाला चार वर्षं झाली होती, आणि रजेचे दिवस सगळे मिळून बोटांवर मोजले तर आम्ही एकत्र चार महिनेसुद्धा राहिलो नव्हतो. त्याचा चेहरा मला आठवायचा, पण आवाज विसरायला व्हायचा. ह्याचा मला फार राग यायचा. कोणावर काढायचा ते कळत नसे, म्हणून भातावर काढायची. आमच्या घरचा तांदूळ त्या वर्षांत फार स्वच्छ सडलेला असे.

म्हणजे लक्षात घ्या. कमी फटके, पहिल्या दहांत नंबर, दोन खोल्या आणि मी मुंबईला. एवढी एकच ओळ मी मनात घोकत होते.

फेरी सुरू झाली. पत्रं यायला लागली. सामना चार दिवसांचा, रोज एक आकडा. तो नेमाने चारही आकडे लिहायचा. सिंगापूरहून आलं: चौऱ्याहत्तर, त्र्याहत्तर, पंचाहत्तर, चौऱ्याहत्तर, नंबर सव्विसावा. सासऱ्यांनी 'ठीक' असा शेरा मारला. मग हाँगकाँगचं पत्र आलं. शेवटच्या दिवशी वारा फार होता, एक्याऐंशी झाले, फार लाज वाटते.

सासरे पडवीत उठून उभे राहिले. "एक्याऐंशी!" त्यांनी दोनदा म्हटलं. नंतर लाल पेन्सिल काढून 'लाज' ह्या शब्दावर काट मारली आणि वर 'हर्ष' लिहिलं. "विनय आसाचो, पण इतको नको," असं म्हणून मला साखर आणायला आत पाठवलं. मी साखरेचा डबा घेऊन उभी. काय करू? सबंध वाडीला मी माझ्या नवऱ्याच्या फजितीची साखर वाटली, आणि बायका मला म्हणत होत्या, "नशीबवान गो तू!"

मग मी हिंमत करून सासूबाईंना चुलीपाशी सांगितलं की त्या खेळात कमी आकडा चांगला. त्यांनी भाकरी उलटली. "आसात," म्हणाल्या. "पण ह्या तेंका सांगाक जाव नको. तीस वर्सां तेंनी लोकांक शिकवल्यानी." विषय संपला.

मनिलाच्या पत्रात तर त्याने स्वतःच लिहून टाकलं. बहुतेक माझ्यासाठीच लिहिलं असावं, कारण मला वेगळं पत्र पाठवायची पद्धत नव्हती, मला शेवटी 'घरातील सर्वांस' ह्यात वाटा मिळायचा. लिहिलं होतं: 'इथे ज्याचे फटके कमी तो वरचा. मी अजून जास्त मारतो. आता फक्त जपान उरले आहे, तिथे कमी करण्याचा प्रयत्न आहे.' मी खांबाआड कान देऊन उभी होते. वाटलं, सुटले! सासऱ्यांनी ते वाक्य एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं, चष्मा पुसला. मग शांतपणे 'कमी' खोडून 'जास्त' केलं आणि 'जास्त' खोडून 'कमी'. "घायघायत लिवता मेलो," म्हणाले आणि दहापैकी चार दिले.

मी कपाळावर हात मारून घेतला.

सासऱ्यांना आता काळजी लागली. मुलगा 'अजून कमी मारतो' हे त्याच्या स्वतःच्या अक्षरात, म्हणजे खरं तर सासऱ्यांच्या अक्षरात, लिहिलेलं होतं. जपान शेवटचं. त्यांनी ठरवलं, देवाला गाऱ्हाणं घालायचं.

आमच्याकडे कुठलंही काम देवाच्या कानावर घातल्याशिवाय होत नाही. गावकर, म्हणजे गावचा मानकरी, देवळात नारळ हातात घेऊन उभा राहतो आणि देवाला खड्या आवाजात सगळं सांगतो, जसं वकील कोर्टात सांगतो तसं. दर मागणीनंतर जमलेले लोक एकमुखाने म्हणतात, 'व्हय म्हाराजा!' लोकांनी होकार दिला की मागणं पक्कं झालं. आणि आमचा गावकर म्हणजे ह्या कामात गडी कसलेला. त्याचा आवाज खाडीपलीकडे जायचा, आणि तो मोघम काही मागत नसे. जे मागायचं ते देवाला शंका राहू नये असं फोड करून मागायचा. म्हणून आदल्या दिवशी तो आमच्या पडवीत येऊन सासऱ्यांकडून खेळाची सगळी माहिती घेऊन गेला. खड्डे किती? कोण खणता? पावसात बुजतत काय? सासऱ्यांनी सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. माहीत नव्हती तीही दिली.

सोमवारी सकाळी देऊळ भरून लोक. गावचा माणूस जपानात खेळतोय, घरी कोण बसणार? पुरुष पुढे, आम्ही बायका मागे खांबांपाशी. माझ्या शेजारी सासूबाई. गावकराने घसा साफ केला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या गावच्या गुरुजीन तुझ्या पायाकडे नारळ ठेयलेलो आसा, तो गोड मानून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेचो झील परमुलखात चेंडू मारूक गेलेलो आसा. थंय अठरा खड्डे आसत. त्या खड्ड्यांत तेचो पाय मुरगळाक नको म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

इथवर माझीही ना नव्हती. मीसुद्धा पुटपुटले.

"थंय कोणाची वाकडी नदर लागली आसात, ती दूर कर म्हाराजा! तेच्या काठयेक बळ दी म्हाराजा! आणि इतरांचो जो काय आकडो येयत, तेच्या दुप्पट आकडो ह्या तुझ्या लेकराचो करून दी म्हाराजा!"

दुप्पट! माझ्या डोळ्यांपुढे दीडशे फटके नाचले. त्या दोन खोल्या आल्या, त्यांची दारं आली, त्या दारांना बाहेरून लागलेलं कुलूप आलं. पुढच्या चतुर्थीचे आठ दिवस आले, त्याच्या पुढच्या चतुर्थीचे आठ दिवस आले. लोकांनी 'व्हय' म्हणायला तोंड उघडलं आणि त्यांच्या आधी माझ्याच तोंडून निघालं,

"नाय म्हाराजा!"

देऊळ बांधल्यापासून त्या देवळात हे कोणी म्हटलं नसेल. पुजाऱ्याच्या हातातलं तबक वाजलं. सगळी डोकी मागे वळली. माझं तोंड एकदा सुटलं की सुटलं.

"कोण ता?" गावकर म्हणाला.

"गुरुजींची सून," कोणीतरी तत्परतेने सांगितलं. असली माणसं सगळीकडे असतात.

सासरे लाल झाले. "तू घराक चल!"

"जातंय, मामंजी. पण आधी देवाक खरा सांगा. त्या खेळात कमी मारता तो जिंकता. तेंनी पत्रात बरोबर लिवल्यानी."

"कमी मारणारो जिंकता?" सासऱ्यांनी हात उडवले. "मगे आमी हंय घराक बसलंव, एकय फटको मारूक नाय, आमचो पयलो नंबर येवंक होयो!"

देऊळभर हशा पिकला. गावकर नारळ छातीशी धरून हसत होता. मला रडू यायचं ते राग आला. राग आला की माझं डोकं बरं चालतं, हे माझ्या आईचं मत होतं.

"मामंजी, एक गणित घालतंय," मी म्हटलं. "दोघी बायलांनी एकाच बावडीवरसून पाणी हाडून दोन सारकी पिंपा भरली. एकीन आठ खेपांत भरल्यान, दुसरीन बारा खेपांत. हुशार कोण?"

आता गणित म्हटल्यावर सासऱ्यांना राहवणार कसं? "आठ खेपांवाली," ते ताडकन म्हणाले.

मागून बायका एकदम म्हणाल्या, "बरोबर!"

"तसोच तो खेळ. पिंप म्हंजे खड्डो, खेप म्हंजे फटको. पिंप तर सगळ्यांकच भरूचा आसता."

सासऱ्यांची बोटं खिशातल्या पेन्सिलीशी चाळा करत होती. पुरुषांत कुजबुज सुरू झाली. गावकर मात्र मोठ्या पेचात पडला. त्याच्या दृष्टीने प्रश्न खेळाचा नव्हता, कामकाजाचा होता.

"घातलला गाराणा माघारी घेवंक येयना नाय," तो म्हणाला. "वरसून दुसरा घालूक येता. पण माका एक सांग गो बाय. आकडो तेचो. बापूस तेचो. तुका त्या आकड्याचा इतक्या काय पडलाहा?"

साधं विचारलं होतं त्याने. टोमणा नव्हता. पण चार वर्षांत मला हे कोणी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, "आकड्याचा माका कायच नाय. आकडो कमी इलो तर तेंका खोली गावतली. खोली गावली तर माका तेंच्यावांगडा ऱ्हवूक गावतला. चार वर्सां झाली लग्नाक. माका माझ्या घोवाबरोबर ऱ्हवाचा आसा."

म्हटलं आणि मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुनेने, सासऱ्यासमोर, भर देवळात, 'घोवाबरोबर ऱ्हवाचा आसा'! जमिनीने पोटात घ्यावं म्हणून मी खाली बघत राहिले. कोणी हसलं नाही. त्या देवळात उभ्या असलेल्या बायकांपैकी निम्म्या बायकांचे नवरे मुंबईत होते.

गावकराने नारळ पुन्हा दोन्ही हातांत धरला. ह्या खेपेला तो ओरडला नाही.

"बा देवा म्हाराजा. मगाशी सांगितला त्यात आमची कायतरी चुकभूल झाली आसात, ती पोटात घाल. ह्या तुझ्या लेकराचे फटके कमी कर, आणि ह्या चेडवाक तिच्या घोवाकडे पावती कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

माझ्या अगदी कानाशी सर्वांत मोठा आवाज आला तो सासूबाईंचा. एरवी त्यांचा आवाज माजघरातून पडवीपर्यंत येत नसे.

त्या दिवशी सासरे दुपारभर पडवीत पत्रांची फाईल मांडीवर घेऊन बसले होते. मी पाणी नेऊन ठेवलं, त्यांनी वर बघितलं नाही. मी मनाची तयारी केली की आता मला माहेरी धाडणार. दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरापुढच्या खळ्यात झाडत होते तेव्हा त्यांनी हाक मारली. मनिलाचं पत्र त्यांच्या हातात होतं.

"ह्या तेनी बरोबर लिवल्यान. माझी तपासणी चुकली," ते म्हणाले. मग जरा थांबून, दुसरीकडे बघत म्हणाले, "तो परत इलो काय पयल्या बोटीन तू मुंबयक जातलंस. आकडो खंयचोय येवंदे."

"पण खोली..."

"माझो एक विद्यार्थी थंय आसा. तेका पत्र घातलंय. तेच्या खोलयेत मधी पडदो बांधून जागा करतलो."

ज्या माणसाने उभ्या जन्मात कोणापुढे शब्द टाकला नव्हता, त्याने माझ्यासाठी पडद्यामागची जागा मागितली होती. मी केरसुणी हातात धरून भोकाड पसरलं. त्यांना काय करावं ते सुचेना. "रडा नको, झाड, झाड," म्हणाले.

पंधरा-वीस दिवसांनी मुंबईहून त्याची तार आली. तार म्हणजे आमच्याकडे कोणीतरी गेल्याची खूण, त्यामुळे पोस्टमनला बघूनच सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. सासऱ्यांनी तार वाचली. नंबर अकरावा. एका फटक्याने दहावा हुकला. क्वार्टर नाही.

एका फटक्याने!

बातमी गावकराकडे पोचली तसा तो धावतच आला. मला वाटलं बिचारा वाईट वाटून आला. कसलं काय, हर्षाने फुललेला! "एकच फटको जास्त झालो? तो माझ्या पयल्या गाराण्याचो! दोन गाराणी घातलंव, देवान दोनांचो मान राखल्यान!" असं सगळ्या वाडीला सांगत फिरला. शेवटपर्यंत तो ते सांगत असे. मी त्याच्यावर चिडायची, पण खरं म्हणजे जपानात तो अकरावा येईल असं क्लबातल्या कोणालाच वाटलं नव्हतं.

सासूबाई दबकत म्हणाल्या, "मगे आता इतक्यात पाठवचा काय? चतुर्थीपर्यंत ऱ्हवांदे."

"बांधलेली ट्रंक सोडूची नाय," सासरे म्हणाले आणि स्वतः उठून ट्रंकेला आणखी एक सुंभ आवळलं. ते सुंभ मुंबईत सोडवताना आम्हाला शेवटी कोयता लागला.

मालवणच्या बंदरातून होडीने बोटीपर्यंत गेले. सासरे धक्क्यावर उभे होते, हात मागे बांधून. बोटीत मी वाटभर ओकले. माझ्याबरोबर फणसपोळ्या, कुळथाचं पीठ, सोलं आणि माशांचं सुकट इतकं होतं की शेजारच्या बाईने नाकाला पदर लावून मला विचारलं, दुकान घालतेस काय. दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईला भाऊच्या धक्क्याला उतरले तेव्हा डोळ्यांपुढे सगळं गरगरत होतं आणि जमीन पायाखाली हलत होती.

तो गर्दीत उभा होता. सरळ मैदानावरूनच आला असावा, कारण डाव्या हातात तो पांढरा मोजा तसाच. मला बघून हसला नाही. चार-पाच माणसांना वाट देत, धक्के खात माझ्यापुढे आला आणि मान खाली घालून उभा राहिला, परीक्षेत नापास होऊन घरी आल्यासारखा.

"क्वार्टर गावली नाय," तो म्हणाला. मग ज्याने कधी दोन वाक्यं सलग बोलली नाहीत त्याने हमाल, पाट्या, पोती ह्यांच्या मधोमध उभं राहून मला सगळं सांगायला सुरुवात केली. शेवटच्या दिवशी सतराव्या खड्ड्यापाशी तळं होतं, वारा डावीकडून होता, काठी दुसरी घ्यायला हवी होती, चेंडू काठावर पडून मागे आला आणि पाण्यात गेला, नाहीतर तिथेच एक फटका वाचला असता, आणि तो एक वाचला असता तर तुला... त्याचे डोळे भरले होते. आणि मी? मी त्याचा आवाज ऐकत होते. शब्दांकडे लक्षच नव्हतं माझं.

"म्हायत आसा माका," मी म्हटलं. "आधी ती ट्रंक उचला."